धप्प!

तर मंडळी, आजचा लेख जरा तांत्रिक आहे. भाचेमंडळींनी मधला भाग सोडला तरी चालेल, शेवट मात्र वाचावा.

माझा घरी बांधलेला हॅम रेडिओ संच हैदराबादच्या अशर फरहान यांच्या ‘बिटएक्स’च्या जातीचा. यात बोलताना आणि ऐकताना बरेचसे टप्पे तेच असतात. बटण दाबलं की १२ व्होल्ट प्रक्षेपणाच्या तारेत, सोडलं की ग्रहणाच्या तारेत. ही अदलाबदल रिले करतो. आणि बटण सोडलं रे सोडलं की माझ्या हेडफोनमध्ये ‘धप्प’!

सत्तरी ओलांडलेल्या कानांना असा दणका बसला की सावरायला वेळ लागतो. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो. त्यातल्या एका मित्राचा आवाज आजारपणानंतर फार खोल गेला आहे. दोन शब्द बोलतो, दम घेतो. नेमके तेच दोन शब्द या धप्पमध्ये जायचे. “काय म्हणालास?” असं विचारलं की म्हणायचा, “काही नाही रे.” ते फार लागायचं.

शोध सुरू केला तो आवाज शून्यावर आणून. तरीही धप्प! म्हणजे एक चोर आवाजाच्या बटणापुढे, एलएम३८६ या ध्वनिवर्धक चिपपाशी होता. चिपला वीज ग्रहणाच्या तारेतून मिळायची. बोलताना ती बंद, आणि परत चालू झाली की २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हेडफोनमधूनच भरायचा. चिपला कायमचे १२ व्होल्ट दिले आणि शून्यावरचा धप्प गेला.

आवाज वाढवल्यावर मात्र होताच, थोडा मवाळ. हा दुसरा चोर मागच्या टप्प्यांतला. तिथलेही कपॅसिटर वीज आली की भरतात, आणि चिप ते इमानेइतबारे मोठं करून ऐकवते.

म्हणून चिपच्या तोंडाशी २एन७००० हा छोटा मॉस्फेट पहारेकरी बसवला. बोलताना तो आवाजाची वाट ग्राउंडला जोडतो. त्याच्या गेटवर प्रक्षेपणाच्या तारेतून डायोडमार्गे भरणारा एक कपॅसिटर, आणि तो सावकाश रिकामा करणारा १०० किलोओहमचा रेझिस्टर. कपॅसिटर उतरेपर्यंत पहारा चालू.

आता खरा प्रश्न, पहारा किती वेळ? आधी २.२ मायक्रोफॅरड लावून पाहिला. दोघांचा गुणाकार ०.२२ सेकंद, पण १२ व्होल्टवरून साधारण २ व्होल्टपर्यंत उतरायला त्याच्या १.८ पट वेळ लागतो, म्हणजे ०.४ सेकंद. धप्प साफ गेला, पण मित्राच्या ‘नमस्कार’मधला ‘न’ही गेला! ०.१ लावला तर धप्पची शेपटी ऐकू आली. शेवटी ०.४७ वर, म्हणजे सुमारे ८५ मिलिसेकंदांवर, जमलं.

शाळेतही हे गणित रोजचंच होतं. प्रश्न विचारून झाल्यावर मास्तरांचा आवाज वर्गात थोडा वेळ घुमतच असतो. तो विरेपर्यंत थांबावं लागतं, पण मागच्या बाकावरचं बुजरं पोर पहिलं अक्षर उच्चारेल तेव्हा कान तयार हवा. ते पोर दुसऱ्यांदा बोलत नाही.

परवा सकाळी मी बटण सोडलं आणि पलीकडून हळूच आलं, “काल झोप लागली रे.” पहिल्याच खेपेला ऐकू आलं.

असो. कोणाला आकृती हवी असल्यास कळवा, काढून पाठवीन.