इंजिन बंद, तरी पंखा फिरतोच

कोचीच्या पोस्टिंगमध्ये मी शिडाच्या बोटीवर होतो. शिडं फुगली, इंजिन बंद केलं, की वाटायचं आता शांतता. पण पायाखालच्या फळ्यांतून घरघर यायचीच. बोट पळते तेव्हा पाणी प्रोपेलरचा पंखा फिरवतं, पंखा शाफ्टला आणि शाफ्ट गिअरबॉक्सला.

आमचा गिअरबॉक्स हायड्रॉलिक. त्याचा तेलपंप इंजिनच्या बाजूने चालणारा. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि आतली बेअरिंगं तासन्‌तास पुरेशा तेलाविना फिरणार. रिव्हर्स टाकूनही उपयोग नाही. तेलाला दाब नसला की क्लच धरत नाही. म्हणून आमचे चीफसाहेब बोटीचा वेग कमी असतानाच शाफ्टला ब्रेक लावत आणि इंजिनच्या किल्लीला लाल चिंधी बांधत. अर्थ एकच : आधी ब्रेक काढा, मग स्टार्ट.

मंडळी, सगळ्या बोटींना एकच नियम नाही. कुणी न्यूट्रल सांगतो, कुणी रिव्हर्स. आपल्या गिअरबॉक्सचं मॅन्युअल पाहावं. मिटणारा पंखा बसवला तर त्रास बराच कमी होतो, वरून वेगही मिळतो.

भर समुद्रात गिअरबॉक्स कुणाला आठवत नाही. बंदराच्या तोंडाशी वारा पडतो, ओहोटी बाहेर ओढते, तेव्हा तोच लागतो. हत्यार वापरात नसतानाच त्याची निगा राखायची, हे फौजेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.