अंगठा, दहा मिनिटं आणि आजी

२०२३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. हिंजवडीच्या ऑफिसात दिवसभर कॉल चालू होते. रात्री रूमवर आल्यावर मेसेज चाळत बसलो, तर सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी आजीच्या खात्यातून १५०० रुपये निघाले होते. अकरा वाजून सोळा मिनिटांनी पुन्हा १५००. आजी महिन्यातून एकदाच पैसे काढते. श्रावणबाळचे पैसे आले की जानेफळच्या बस स्टँडकडे जायचं, थम लावायचा, नोटा कनवटीला लावायच्या.

घरी फोन केला.

"आजी, आज पैसे किती आणले?"

"पंधराशे. एकदा थम लागला नाही, मंग दुसऱ्या बारीनं लागला."

आजीचे पैसे माझ्या फोनवर का वाजतात, हे आधी सांगायला हवं. २०१७ च्या आसपास सगळीकडे आधार जोडा, मोबाइल जोडा अशी धावपळ सुरू होती. मी तेव्हा शेगावला इंजिनीअरिंगला होतो. घरात कायम रिचार्ज असलेला नंबर माझा एकट्याचा. म्हणून बाबांच्या खात्याला माझा नंबर, आईच्या खात्याला माझा नंबर, आजीच्या बँकेला आणि आधारलाही माझाच. गावात घरोघर हेच आहे. बाबा कृषी केंद्रात उभे राहून मला फोन करतात, "आला का रे?" मी पुण्यातून सहा आकडे वाचून दाखवतो. मागून दुकानदार आणि चार गिऱ्हाइकं ऐकत असतात. ओटीपी कोणालाही सांगू नका, असं त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं.

रिझर्व्ह बँकेने २००९ च्या ऑगस्टपासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरा पुरावा सक्तीचा केला. कल्पना साधी होती : एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असलेली, दुसरी तुमच्या हातात असलेली. यातलं 'तुमच्या हातात' आमच्या घरात साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब पुण्यात आहे.

आजीच्या व्यवहारात मात्र ओटीपीही नाही. आधार एनेबल्ड पेमेंट सिस्टीममध्ये तीन गोष्टी लागतात : आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट. पहिल्या दोन गोपनीय नाहीतच. आधारची झेरॉक्स आपण शाळेपासून गॅस एजन्सीपर्यंत सगळीकडे वाटलेली असते. उरतं बोट. ते कुलूपही आहे आणि किल्लीही, आणि किल्ली हरवली तर बदलून मिळत नाही. तेलंगणात २०१८ साली जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उतरवून, त्यांचे रबरी ठसे करून सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण उघडकीस आलं होतं. पुढे अशाच ठशांनी लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे निरनिराळ्या राज्यांत नोंदवले गेले. आजोबांच्या नावची जमीन वाटली गेली तेव्हा आजीनेही किती कागदांवर अंगठे दिले होते, ते आठवून मला त्या रात्री झोप लागली नाही.

पण आजीच्या बाबतीत रबरी ठसा वगैरे काही नव्हतं. बोट तिचंच होतं. तिची बोटं एकदा पाहायला हवीत. कापूस वेचून, सोयाबीन सोंगून, चुलीजवळ भाकरी थापून अंगठ्यावरच्या रेघा जवळजवळ पुसल्या गेल्यात. मशीनवर ठेवायच्या आधी ती बोट पदराला पुसते, मग जरा ओलं करते, मग मशीनवाला पोरगा तिचं बोट धरून दाबतो. 'नाही लागला' हे तिने इतक्या वेळा ऐकलंय की त्यात शंका घ्यावी असं तिला वाटतच नाही. स्क्रीनवर काय आलं ते तिला वाचता येत नाही. पावती मागायची असते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा त्या केंद्रावर गेलो. चालवणारा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तो म्हणाला, पहिला व्यवहार फेल दाखवला होता, नेट गेलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा थम घेतला. असं खरोखर होऊ शकतं. मी स्वतः हेच काम करतो. सर्व्हरकडून उत्तर यायच्या आत वेळ संपली की इकडे अपयश दिसतं आणि तिकडे पैसे कापले जातात. अशा अडकलेल्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे : पाच दिवसांत परत, नाहीतर पुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. मात्र बँकेत चौकशी केली तेव्हा दोन्ही व्यवहार यशस्वी म्हणून नोंदलेले निघाले. म्हणजे नोटा दिल्या की नाही, एवढाच प्रश्न उरला. आणि त्याला साक्षीदार दोघंच, तो पोरगा आणि आजी. मी आवाज चढवला. आजीने माझा दंड धरून बाहेर काढलं. "त्यानं घेतले असं मी म्हणणार नाही, अन् नाही घेतले असंही नाही. उद्या मले त्याच्याच दारात याचं हाये."

ते पैसे आले नाहीत.

मग मी जे केलं ते कुठल्याही इंजिनीअरने केलं असतं. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. लॉक केलं की बोट खरं असलं तरी यंत्र ३३० नंबरची चूक दाखवून नकार देतं. पैसे काढायचे तेव्हा आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून ते तात्पुरतं उघडायचं. दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा बंद. मला हे फार आवडलं. दुसरा पुरावा नसलेल्या व्यवस्थेला मी घरबसल्या दुसरा पुरावा जोडला होता, तोही फुकट. मित्रांनाही सांगितलं. एकदोघांनी आपापल्या आई-वडिलांचं केलं.

आता आजी दर महिन्याला केंद्रावर जाऊन शेजाऱ्याच्या नाहीतर त्या पोराच्या फोनवरून मला फोन करायची. "बाबू, खोल." मी खोलायचो. दहा मिनिटांत थम लागला तर ठीक. न लागला तर पुन्हा फोन. कधी तिचा नंबर यायच्या आधीच दहा मिनिटं संपायची. कधी मी कॉलवर. एकदा फेब्रुवारीत मी दुपारी दीड वाजता फोन पाहिला तर अनोळखी नंबरचे सहा मिस्ड कॉल. आजी अकरापासून तिथल्या बाकावर बसून होती. घरी औषध संपलं होतं, म्हणून हलत नव्हती. मी घाईने उघडून दिलं आणि सॉरी म्हणालो.

"ते राहू दे," ती म्हणाली. "मले एक सांग. माह्या पैशाले तुही परवानगी काऊन लागते?"

मी समजावायला गेलो, की हे तुझ्याच भल्यासाठी आहे. वाक्य अर्धवट सोडलं. मशीनवाल्याने पंधराशे घेतले असतील किंवा नसतील. मी मात्र तिचं अख्खं खातं ताब्यात घेतलं होतं, आणि तिला विचारलंही नव्हतं.

ऑफिसात आम्ही लॉगिनच्या पायऱ्यांवर तासन् तास वाद घालतो. एक पायरी वाढवली की किती लोक मध्येच सोडून जातात, याचे तक्ते असतात. त्या सगळ्या चर्चेतला ग्राहक एकटा असतो. त्याचा फोन त्याच्या हातात असतो, त्याला वाचता येतं आणि त्याच्या पाठीमागे रांग नसते. हे आमच्यापुरतंच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये २००७ च्या सुमारास बँकांनी खिशात मावणारी कार्ड-रीडरं वाटली. कार्ड घालायचं, पिन दाबायचा, ऑनलाइन बँकिंगसाठी आकडा मिळतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये त्यातली खोड दाखवली : पिन चुकला तर यंत्र तसं सांगतं. म्हणजे कोणाला अडवून धमकावून पिन काढला, तर तो खरा की खोटा हे चोराला जागच्या जागी तपासता येतं. यंत्र बनवणाऱ्यांनी घरातलं टेबल डोळ्यांसमोर आणलं होतं, अंधारी गल्ली नाही. मला ऑफिसने लॉगिनसाठी एक किल्लीसारखं यंत्र दिलंय. लॅपटॉपला लावून बोटाने स्पर्श केला की झालं. फसवी वेबसाइट त्याला गंडवू शकत नाही. उत्तम वस्तू आहे. तिची किंमत आजीच्या दोन महिन्यांच्या श्रावणबाळहून जास्त आहे.

पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं. ज्यांच्यासाठी म्हणून हे उभं राहिलं, त्यांच्या खात्याला एकच पुरावा आणि माझ्या ईमेलला तीन. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही मशीनं चालवणाऱ्यांची नीट पडताळणी करण्याचे निर्देश दिले, ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. चांगलं आहे. पण काउंटरच्या अलीकडे बसलेल्या बाईच्या हातात त्याने काही नवं येत नाही.

एप्रिलमध्ये मी लॉक काढून टाकलं. बटणांचा एक साधा फोन घेतला, आजीच्या नावावर सिम काढलं, मेहकरला आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलला (तिथेही बोट चौथ्यांदा लागलं), बँकेत फॉर्म भरला. माझा नंबर तिच्या खात्यावरून गेला. तिला मेसेज वाचता येत नाही, म्हणून मेसेजचा आवाज सगळ्यात मोठा ठेवला आणि एवढंच सांगितलं : थम लावल्यावर वाजलं तर पैसे कापले. 'नाही लागला' म्हणाला आणि वाजलं, तर उठायचं नाही.

यातल्या उणिवा मला पाठ आहेत. मेसेज उशिरा येतो, कधी येतच नाही, आणि येतो तेव्हा पैसे गेलेले असतात. डिझाइन म्हणून मी हे ऑफिसात मांडलं असतं तर हसले असते.

गेल्या महिन्यात फोन दोनदा वाजला. आजीने नोटा मोजल्या, पंधराशे होत्या, तरी जागची हलली नाही. पोरगा म्हणे, मावशी, दुसरा कंपनीचा असंल. "असंल तं असंल. वाचून दाखव कोणाले तरी." तिने त्याला स्वतःला वाचू दिलं नाही. अर्धा तास रांग खोळंबली. शेवटी शाळेतून परतणाऱ्या एका पोरीला हाक मारली. तिने मोठ्याने वाचलं : रिचार्ज करा आणि रोज दोन जीबी डेटा मिळवा.

"तो काय असते?" आजीने संध्याकाळी मला विचारलं.