हाका

'अभिज्ञानशाकुंतला'चा दुसरा अंक आम्ही वीस-बावीस वर्षे वर्गात शिकवला. विदूषक माधव्य रंगमंचावर येतो तोच कुरकुरत. राजाच्या मृगयेपायी त्याचे सांधे दुखताहेत, आणि पहाटे जरा डोळा लागावा तर रानाला वेढा घालणाऱ्यांच्या कोलाहलाने झोपमोड होते. वर्ग हसतो; आम्हीही हसत आलो. पुढे राजाचे मन शकुंतलेकडे ओढ घेते, मृगयेतला रस संपतो, आणि तो सेनापतीला सांगतो की पुढे गेलेल्या वनग्राहींना मागे बोलाव. हे वनग्राही रंगमंचावर कधी येत नाहीत. नाटकात त्यांचा फक्त आवाज आहे, आणि तोही माधव्याच्या तक्रारीतून कळतो.

आमच्या चांद्याकडे ह्या वनग्राहींना हाकेकरी म्हणत आणि त्यांच्या कामाला हाका. शब्द मोठा विलक्षण आहे. हाक मारली की माणूस जवळ येतो; बैल हाकला की तो पुढे चालतो; हाकलला की दूर जातो. व्युत्पत्तिकोशाचा निवाडा काय असेल तो असो, पण बोलावणे आणि घालवणे ही दोन्ही कामे भाषेने एकाच कंठाला दिलेली दिसतात.

आम्ही मालगुजाराच्या घरातले. मालगुजारी 1951 साली गेली. आमच्या वाट्याला तिच्या गोष्टीच आल्या. त्यांत हाक्याच्या गोष्टी पुष्कळ. आजोबा मचाणावर बसत, शेजारी कोणी साहेब पाहुणा. समोर नाला, नाल्यापलीकडे बांबूच्या रांज्यांचे असे गचपण की दहा पावलांवरचे सांबर दिसू नये. ही गोष्ट सांगताना आजोबांचा आवाज नेहमी खाली येई. पान हलले, एक काळसर कान दिसला, मग शिंगे. घरातली आम्ही पोरे श्वास रोखून ऐकत असू. आज आठवून पाहतो तेव्हा जाणवते की त्या गोष्टींत फक्त शांतता होती. पलीकडून तीस-चाळीस माणसे ओरडत, डबे वाजवत येत होती, ती कुठेच ऐकू येत नसत. आमच्या वाचनातल्या बहुतेक शिकारकथाही अशाच मचाणावरून सांगितलेल्या आहेत. (आम्ही स्वतः एकदा 'शिकारकथेतील मौन' अशा थाटाचे टिपण वर्गाला लिहून दिले होते. ते आता कुणी जपून ठेवले नसेल अशी आशा आहे.)

एक गोष्ट मात्र आजोबा भरभर उरकत. 1946 च्या सुमाराच्या एका हाक्यात बाजूच्या झाडावर बसवलेला एक पोरगा खाली पडला आणि त्याचा पाय गेला. 'झाडावरून पडला बिचारा. त्याला पायलीभर धान्य दिले होते.' एवढेच.

2012 साली, एका विद्यार्थ्याच्या घरी सिंदेवाहीच्या बाजूला जाणे झाले. त्याचे आजोबा अंगणात बाजेवर बसले होते. वय पंचाहत्तरीपलीकडचे. बोलता बोलता रानाचा विषय निघाला आणि ते म्हणाले की पोरवयात आपण हाक्याला जात होतो. आम्ही सहज म्हटले, मोठाच गोंगाट होत असेल. ते हसले.

"बोंबलाचं नाई जी. लय बोंबललं का सांबर मागंच पलटते. त्याले भेव नाई दाखवाचं, वाट दाखवाची."

आणि मग ज्या विद्येचा आमच्या घरी कुणी उल्लेखही केला नव्हता, ती त्यांनी आम्हांला तासभर शिकवली. हाकेकऱ्यांची ओळ तुटता कामा नये. दोन माणसांत जरा फट पडली की सांबर तिथून निसटते. गचपणात ते दबून बसते आणि माणूस पुढे गेला की मागून चालू लागते. चितळांचे उलट. कळपातल्या एकीने धोक्याची हाक दिली की सारा कळप एकदम उधळतो, मग कुणाच्या बापाचे ऐकत नाही. म्हणून सुरुवात खोकल्याने करायची, काठीने बुंधे ठोकत यायचे, डबा शेवटी. वारा हाकेकऱ्यांकडून मचाणाकडे वाहता हवा, नाहीतर मालकांचा वास आधी पोहोचतो. ओळीच्या दोन्ही कडांना, नरसाळ्यासारखी, झाडांवर पोरे बसवायची. जनावर बाजूला वळू लागले की पोराने बुंध्यावर काठी टेकवायची. एकदाच, हलकी. तेवढ्यावर जनावर तोंड फिरवते.

"पोरंच काऊन?" आम्ही विचारले.

"हलके असतात जी. अन् त्याइले पैसे द्या नाई लागत."

मोठ्यांनाही काही मिळत असे असे नाही. हाका हा वेठीचाच भाग. पेरणी असो, मळणी असो, निरोप आला की जायचे. मांसाचा वाटा मालकाच्या मनावर. डोळ्यांना न दिसणाऱ्या जनावराला केवळ आवाजाच्या कमीजास्तीने बंदुकीसमोर नेऊन उभे करायचे, हे कसब ज्यांचे होते त्यांच्याजवळ बंदूक नव्हती.

पुढे ताडोबाचे 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, 1972 चा वन्यजीव कायदा आला, आणि बंदुकीचा हाका संपला. चोरटी शिकार संपली नाही. पण ती आता तारेच्या फासाची किंवा विजेच्या प्रवाहाची आहे आणि तिला आवाज नसतो. आवाज उरला तो रानाकाठच्या शेतांत, रात्रभर जागलीला बसून रोही आणि डुकरे पिटाळणाऱ्यांचा. आणि मोहफुलांच्या, तेंदूच्या दिवसांत वनखाते सांगते ते हेच: एकटे जाऊ नका, घोळक्याने जा, आवाज करीत जा. तेंदूची पाने तोडायला वाकलेली बाई वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात. मे 2025 मध्ये ह्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या.

त्या संध्याकाळी अंगणात आम्ही न राहवून विचारले की हाक्यात कधी कुणी पोरगा झाडावरून पडल्याचे आठवते का. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"पडला होता एक. आमच्यापेक्षा दोन सालानं मोठा. पडला खरा जी, पन छर्रे लागल्यावर झाडावर कोन रायते?"

त्यांच्या स्वरात राग नव्हता. तो मुलगा पुढे लंगडत गुरे राखी, लग्न झाले नाही, एवढे त्यांनी सांगितले. नाव सांगितले, ते आम्ही इथे देत नाही. मग त्यांनी विचारले,

"तुमी कोन्या गावचे जी?"

आमचे मूळ गाव तिथून फार तर आठ कोसांवर असेल. आम्ही कॉलेजच्या गावाचे नाव सांगितले. त्यांनी मान हलवली. विद्यार्थी चहा घेऊन आला, तो आम्ही न बोलता प्यालो.

निघताना अंधार पडला होता. ते काठी टेकत फाटकापर्यंत आले.

"हारन वाजवत जा जी," म्हणाले. "आजकाल वाघ रस्त्यावरच बसते."