लॅपटॉपचे पैसे आणि चार नळ्या

सकाळी गाडी सुरू केली की पुढून टिक-टिक-टिक असा आवाज यायचा आणि इंजिन तापलं की आपोआप बंद व्हायचा. मला वाटलं टॅपेट असतील. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, पत्र्याचं कवच काढून टॉर्च मारला आणि म्हणाले, "ताई, मॅनिफोल्ड फुटलंय." बीडाच्या त्या कास्टिंगला केसाएवढा तडा होता, कडेनं काळी काजळी. थंड असताना तडा उघडा असतो, तापल्यावर धातू फुगतो आणि तडा मिटतो, म्हणून आवाज जातो. हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला आतून आनंद झाला.

गाडी २००१ सालची होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक. काका मस्कतला जाताना आमच्या दारात ठेवून गेले ते अजून आलेले नाहीत. पंधरा वर्षं झाल्यावर बाबांनी नोंदणीची मुदत वाढवून घेतली, विमा भरतात, आणि वर बडबडतात. १०६ हॉर्सपॉवरचं हे इंजिन वरच्या फेऱ्यांवर गेलं की त्याचा सूरच बदलतो. मॅनिफोल्ड बदलायचंच आहे, तर मग हेडर का नको?

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनाच्या चार सिलिंडरांतून जळका वायू बाहेर पडतो. कंपनीचं मॅनिफोल्ड म्हणजे चार आखूड वाटा लगेच एकत्र करणारा बीडाचा ठोकळा. स्वस्त, मुका, वर्षानुवर्षं टिकणारा. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लांब नळी मिळते आणि नळ्या पुढे जाऊन जुळतात. आपल्या फिजिक्सच्या लॅबमध्ये रेझोनन्स ट्यूबचा प्रयोग आठवा. नळीच्या उघड्या तोंडाशी दाबाची लाट पोचली की ती उलटी होऊन, म्हणजे विरळ होऊन, परत फिरते. इथंही तेच. वायूचा धक्का नळ्या जुळतात तिथवर जातो आणि तिथून ओढणारी लाट व्हॉल्व्हकडे परत येते. ती नेमक्या वेळी पोचली तर उरलासुरला वायू खेचून काढते. नळीची लांबी ठरलेली, त्यामुळे ही वेळ इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांनाच जुळते. प्रॅक्टिकलला ट्यूनिंग फोर्क घेऊन पाण्याची पातळी वरखाली करताना मला जेवढा कंटाळा आला होता, तेवढाच रस हे वाचताना आला.

चारही नळ्या एकदम एका जागी जुळवल्या तर त्याला फोर-टू-वन नाही, फोर-वन म्हणतात. जोर वरच्या फेऱ्यांवर मिळतो. आधी दोन-दोन आणि मग एक, असं केलं तर फोर-टू-वन. मधल्या फेऱ्यांवर गाडी जास्त ओढते. जोड्याही वाटेल तशा लावत नाहीत. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो, म्हणून एकला चार आणि दोनला तीन जोडायचा, म्हणजे जोडीतल्या दोघांचे धक्के एकमेकांवर आदळत नाहीत. मी कॅम्प ते कॉलेज गाडी चालवते, रेसला जात नाही. मला फोर-टू-वनच हवं होतं. एवढं बरोबर ठरवलं. चुकलं ते पुढे.

बाबांनी लॅपटॉपसाठी पंधरा हजार दिले होते. मेस्त्रींनी स्टेनलेसच्या हेडरचा दर सोळा हजार सांगितला, साध्या लोखंडाचा साडेसात. साधं लोखंड म्हणजे गंज, आणि बेळगावचा पाऊस आपल्याला माहीत आहे. ऑनलाइन मात्र चकचकीत स्टेनलेस फोर-टू-वन ९,८०० ला होतं. फोटोत ते एवढं सुंदर दिसत होतं की मी ना फ्लँजची जाडी विचारली, ना नळी कुठल्या गाडीच्या मापानं वाकवली आहे ते. 'याच इंजिन कुटुंबासाठी' एवढं वाचून पैसे भरले.

फ्लँजची भोकं बसली, तेवढीच. या इंजिनात एक्झॉस्ट पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे असतो. नळ्यांचं वळण इतकं फुगीर होतं की एक नळी पंख्याला भिडली. मेस्त्रींनी हातोडीचा विचार केला, मग माझ्याकडे बघून हातोडी खाली ठेवली. दुकानदाराचं उत्तर आलं: बसवून पाहिलेला माल परत नाही.

चार दिवस ते खोकं माझ्या पलंगाखाली होतं. पाचव्या दिवशी बाबांनी विचारलं, "लॅपटॉप आला काय गं?" मी खोकंच ओढून बाहेर काढलं.

बाबांनी ३१ वर्षं उद्यमबागेत फाउंड्रीत काढली. मला वाटलं ओरडतील. ते चष्मा घेऊन आले, आत जाऊन स्टीलपट्टी आणि फिलर गेज आणला. पट्टी फ्लँजवर उभी धरली आणि गेजचं पान खालून सरकवलं. चाळीस शतांश मिलिमीटरचं पान सहज आत गेलं. "बघ. पातळ फ्लँज, वेल्डिंगच्या उष्णतेनं केळं झालंय. नंतर कुणी सरफेस मारलेलाच नाही. गॅस्केट महिनाभर पण राहिलं नसतं." मग नळीत बोट घालून आतली वेल्डिंग चाचपली. काळी, खडबडीत, जळक्या साखरेसारखी. "आतनं आर्गॉन सोडलेलाच नाही." शेवटी म्हणाले, "किती दिलीस?"

सांगितलं.

"मला विचारलं असतंस तर चाललं असतं खरं," एवढंच बोलून ते जेवायला बसले. आई त्या दिवशी त्यांच्याऐवजी बोलली, ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, जुनं मॅनिफोल्डच वेल्ड करूया, निकेलची काडी मिळते. त्यात पैसे वाचले असते. बाबांनी मान हलवली. बीड सावकाश तापवून, वेल्ड करून, राखेत हळूहळू थंड केलं तर जोड धरतो, खरं रोज लालबुंद होऊन रोज थंड होणाऱ्या भागावर त्यांचा भरवसा नव्हता. बीडावर ज्याचं पोट चाललं त्या माणसानं हे म्हणावं, मला वाटतं त्यांनाही ते जड गेलं असेल.

मग साध्या लोखंडाचं हेडर मेस्त्रींकडेच करायचं ठरलं. मी मात्र स्टेनलेसचं नाव सोडत नव्हते. बाबा म्हणाले, ३०४ स्टेनलेस तापल्यावर साध्या लोखंडाहून बरंच जास्त फुगतं; पातळ नळी, घट्ट बांधलेली, वर स्वस्त वेल्डिंग, मग फ्लँजच्या कडेलाच तडा जातो. पैसे असतील तर चांगलं स्टेनलेस घे, नसतील तर चांगलं लोखंड घे. स्वस्त स्टेनलेस नको. त्यांनी नवं गॅस्केट छापासारखं वापरून १२ मिलिमीटरच्या पाटीवर फ्लँज आखला, ओळखीच्या शॉपमध्ये कापून घेतला आणि वेल्डिंग झाल्यावर सरफेस ग्राइंडरवर स्वतः उभे राहून सपाट करून आणला. ऑक्सिजन सेन्सरसाठी १८ गुणिले १.५ च्या आट्यांचा बॉस मी जुन्या जागेजवळच लावून घेतला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर कंपनीचेच ठेवले. मेस्त्री म्हणाले होते, "तो डबा काढला तर गाडी अजून पळंल की." मी नको म्हटलं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम, त्यावर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिलेला निकाल, हे सगळं वाचून मी आधीच घाबरलेली होते. शिवाय धूर शेवटी आपल्याच गल्लीत सोडायचा असतो. काय बदललं ते विमा कंपनीला लिहून कळवलं, पीयूसी पुन्हा काढलं. पास झाली.

नट मधून कडेला असे क्रमानं आवळले, आणि दोन दिवस चालवून थंड इंजिनावर पुन्हा. टिक-टिक गेली. गाडी पळते का? तिसऱ्या गिअरमध्ये चढावर थोडी मोकळी वाटते. किती हॉर्सपॉवर वाढली ते मोजलेलं नाही. दोन-चार असतील, बाबांच्या मते शून्य. खरा फरक असा की बॉनेटखालची उष्णता वाढली, म्हणून पत्र्याचं कवच मेस्त्रींकडून नव्यानं वाकवून घ्यावं लागलं. त्याचे आठशे वेगळे.

रविवारी बाबा पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसले. जांबोटीपर्यंत गेलो, चहा घेतला. परतताना एका गतिरोधकावर खालून खर्र झालं. दोघंही उतरून वाकलो. जिथं नळ्या जुळतात तिथं अंगठ्याएवढा पोचा. "अर्धा इंच वर घ्यायला पाहिजे होतं," बाबा म्हणाले, आणि गुडघ्यावरची माती झाडत परत सीटवर जाऊन बसले.

हा लेख कॉलेजच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर टाइप केला आहे. पलंगाखालचं खोकं अजून विकायचं आहे.