खोकून दाखवा

मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला नुसतं ‘दुखतंय का?’ विचारलं, तर उत्तर फसवं येतं. तो हालचाल न करता पडून असतो. ‘नाही’ म्हणतो, आणि चार्टवर शून्य लिहिलं जातं. म्हणून राउंडला गेले की मी आधी खोकायला सांगते. हात आपोआप कुशीवर जातो का, श्वास अर्ध्यावर तुटतो का, ते बघते. जो दुखण्याच्या भीतीने खोकत नाही, त्याच्या फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. दुखण्याच्या नसा बधिर करणारा कोणता ब्लॉक चांगला, या वादात मी नेहमी या खोकल्याच्या बाजूने उभी राहते.

उघड्या शस्त्रक्रियेत चीर अकराव्या-बाराव्या बरगडीच्या कडेने कुशीत जाते. पोटाच्या भिंतीचे तीन स्नायू कापले जातात, बाराव्या बरगडीखालची नस रिट्रॅक्टरने ताणली जाते. ही जागा प्रत्येक श्वासाला हलते, तिला विश्रांती देताच येत नाही. शिवाय आतलं एक दुखणं वेगळंच असतं. ते खोल असतं, नेमकं बोट ठेवून दाखवता येत नाही, मळमळ घेऊन येतं. ते त्वचेच्या नसांनी न जाता सिम्पथेटिक नसांनी मज्जारज्जूकडे पोचतं. बाहेरचं आणि आतलं, दोन्ही दुखणी ज्या एका जागी गाठता येतात ती जागा पाठीच्या कण्याजवळ आहे. तिथून जितकं दूर जावं तितका ब्लॉक सोपा आणि सुरक्षित होतो, पण आतलं दुखणं हातातून सुटत जातं.

कण्याच्या सर्वांत जवळ एपिड्युरल. स्पेनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक फिदेल पाजेस यांनी १९२१ मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढे कित्येक दशकं मोठ्या शस्त्रक्रियांत तिच्याइतका भरवसा दुसऱ्या कशावर नव्हता. नीट बसलेली थोरॅसिक एपिड्युरल असलेला माणूस दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून मोकळा खोकतो. पण ती दोन्ही बाजू बधिर करते, आणि आपली चीर एकाच बाजूला असते. रक्तदाब उतरतो. ज्या मूत्रपिंडाला पुरेसा रक्तपुरवठा राहावा म्हणून आपण धडपडतो, त्याच्यासाठी हे बरं नव्हे. डायलिसिसवरच्या माणसाच्या प्लेटलेट संख्येने ठीक असल्या तरी काम नीट करत नाहीत, त्यात डायलिसिसचं रक्त पातळ करणारं हेपॅरिन. कण्याच्या आत रक्ताची गाठ झाली तर पाय कायमचे जाऊ शकतात. असं क्वचितच होतं, पण सुई हातात असताना ‘क्वचित’ या शब्दाने मला धीर येत नाही.

पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक एकाच बाजूचा. नस कण्यातून बाहेर पडते तिथेच औषध पोचतं, म्हणून गुण घट्ट येतो आणि रक्तदाब बहुधा जागेवर राहतो. माझ्या मते कुशीतल्या चिरेसाठी हाच सर्वांत योग्य. मात्र सुईच्या टोकापासून फुप्फुसाचं आवरण अगदी जवळ असतं, हात तयार नसेल तर हा करू नये.

२०१६ मध्ये इरेक्टर स्पायनी ब्लॉकचं पहिलं वर्णन छापून आलं आणि बघता बघता तो सगळीकडे गेला. सोनोग्राफीत मणक्याचं आडवं टोक पांढरंशुभ्र दिसतं. सुई त्या हाडाला टेकवायची आणि औषध सोडायचं. चादरीखाली हवा शिरावी तसा स्नायू हाडावरून अलगद उचलला जातो. हाड पुढे असल्यामुळे सुई फुप्फुसापर्यंत सहसा जात नाही. नवशिक्याला शिकवायला मला हाच आवडतो. पण औषध पुढे नसेपर्यंत पोचेलच याची हमी नाही. कुणाला आतलं दुखणंही थांबतं, कुणाला नुसती पाठ बधिर होते. क्वाड्रॅटस लंबोरमचा ब्लॉक कुशीत खाली, मूत्रपिंडाच्या अगदी शेजारी. तो खालच्या पोटाला चांगला पडतो, पण त्यानंतर कधी कधी मांडीतली ताकद कमी होते. म्हणून पहिल्यांदा उठवताना शेजारी माणूस हवाच.

मला सर्वांत जास्त काळजी किडनी देणाऱ्यांची असते. आपल्याकडे देणाऱ्यांत बायका जास्त: आई, बायको, बहीण. त्यांना स्वतःला काहीच आजार नसतो. विचारलं की म्हणतात, “माझं राहू द्या डॉक्टर, ह्यांचं कसंय ते सांगा.” एकच मूत्रपिंड उरलेल्या बाईला डायक्लोफेनॅक द्यायला आम्ही कचरतो. नव्या किडनीने अजून नीट काम धरलेलं नसेल तर घेणाऱ्याच्या शरीरात मॉर्फिनचे अवशेष साचतात आणि श्वास मंदावतो. म्हणून दोघांनाही ब्लॉकचा आधार इतरांपेक्षा जास्त लागतो.

आता बहुतेक ठिकाणी देणाऱ्याची किडनी दुर्बिणीने सोडवतात आणि ओटीपोटावरच्या आडव्या चिरेतून बाहेर काढतात. ही चीर मध्यरेषा ओलांडते, त्यामुळे एका बाजूचा ब्लॉक अपुरा पडतो. दोन्ही बाजूंना द्यायचा तर हिशेब घालावा लागतो. पंचेचाळीस किलोच्या बाईला ब्लॉकच्या औषधाची, ब्युपिव्हकेनची, कमाल मात्रा साधारण ९० मिलिग्रॅम. पाव टक्क्याचं औषध दोन्हीकडे २० मिली दिलं की १०० होतात. मग ते पातळ करायचं, आणि औषध अंगावर आलं तर उतारा म्हणून २० टक्के लिपिडची बाटली हाताशी ठेवायची.

ब्लॉक उत्तम बसला तरी सकाळी एखाद्या मावशी म्हणतात, “पोटाचं बारा आणे गेलंय, पण खांदा का दुखतोय?” पोटात भरलेल्या वायूने श्वासपटल चाळवलेलं असतं आणि त्याची नस मानेतून येते. धडाचा कुठलाच ब्लॉक तिथे पोचत नाही. लघवीच्या नळीची जळजळही तशीच. हे आदल्या दिवशी सांगून ठेवलं नाही, तर आपलं ऑपरेशन बिघडलं असं त्यांना वाटतं.

दुपारी दिलेल्या एका इंजेक्शनचा ब्लॉक पुष्कळदा मध्यरात्रीनंतर उतरतो, वॉर्डात माणसं सर्वांत कमी असतात तेव्हा. मी केसपेपरवर ब्लॉक दिल्याची वेळ मोठ्या अक्षरात लिहिते आणि रात्रीच्या सिस्टरला सांगून जाते, की पॅरासिटामॉल पेशंटने मागण्याची वाट पाहू नका, वेळेवर द्या. देणाऱ्या बाईला तर विशेषच, कारण ती मागणार नाही.