गाळपेरीचा पट्टा

पुसदकडचा एक पोरगा माझ्याकडे नकाशाचं काम शिकायला येऊ लागला, आणि तेव्हापासून माझा हात अडतोय. ओपनस्ट्रीटमॅपवर यवतमाळ जिल्ह्यातली एकमेकांवर चढलेली क्षेत्रं हुडकून सोडवणं, हा माझा जुना नाद.

रेषेला रेषा छेदली की जेओएसएम या नकाशा काढायच्या प्रोग्रामातला चुका दाखवणारा व्हॅलिडेटर ओरडतोच. त्यात कसब कसलं? लबाड असतो तो अख्खा पोटात गेलेला तुकडा. घाटंजीकडच्या सागवनात कुणी पऱ्हाटीचं वावर काढतो, पण जंगलातून ते वगळत नाही. नकाशा रंगवताना मोठं क्षेत्र आधी, लहान नंतर. त्यामुळे दिसायला सगळं चोख. क्षेत्रफळ काढलं की तेच वावर जंगलातही मोजलं जातं आणि शेतीतही. म्हणून मी चित्रावर विसंबत नाही, एका थरातून दुसरा वजा करून काय उरतं ते बघतो.

धरणाच्या काठाला ही हुशारी लंगडी पडते. पाण्याचा रंग सगळ्यात वर चढतो, खालचं वावर गडप. मी अशी वावरं पूर्ण भरलेल्या पाण्याच्या रेषेपर्यंत मागे ओढत होतो. पूस धरणाच्या काठाशी पोराने माऊस धरला. "काका, ते मिटवू नका. पाणी उतरलं का आमचे बाबा तिथंच हरभरा पेरते." गाळपेर! ऑक्टोबरात पाणी, जानेवारीत हरभरा, दोन्ही खरं. अख्ख्या जलाशयाला हंगामी म्हणावं तर ते धादांत खोटं. भरल्या पाण्याची एक कड आणि उतरल्या पाण्याची दुसरी काढून मधला पट्टा तेवढा हंगामी करावा, तर उतरतं पाणी दरसाल कुठे थांबेल याचा नेम नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका म्हणजे 10 मीटर. अरुंद पट्टा दोन-तीन ठिपक्यांत संपतो, आणि त्यातला एक ओला की कोरडा यावर माझ्या रात्री जातात.

बाकी नकाशावाल्यांत हल्ली रोज किती बदल केले याचीच शर्यत. टिपेश्वर अभयारण्याची हद्द दिसली की आतलं गवत, तळी सगळं सरसकट जंगल! उन्हाळ्यातलं पानगळलेलं सागवन दूर कुठेतरी बसलेल्याला पडीक दिसतं. सरकारच्या ई-पीक पाहणीला लोक नावं ठेवतात, पण निदान तिथे माणूस वावरात उभा राहून फोटो काढतो.

मीही काही साधू नाही. दुसऱ्याचा काठ चार बिंदू सरकवून सुधारत असला तरी मी तो मिटवून नव्याने काढतो, कारण मग त्याच्या बदलांच्या इतिहासात पहिलं नाव माझं लागतं. ते नाव मी पोराला कौतुकाने दाखवलंही.

बापाचा पट्टा आता त्याने स्वतः काढलाय, पाण्यावर चढवून. व्हॅलिडेटरची पिवळी सूचना तशीच ठेवून, टिपेत 'गाळपेर, पाणी उतरल्यावर' असं लिहून आम्ही तो नकाशावर चढवला. पहिलं नाव त्याचं लागलं. ते काही मला अजून पचत नाही.