एका पोच्याची गोष्ट

वार्षिकांकासाठी काहीतरी दे, असे सरांनी सांगितले तेव्हा मला प्रथम पावसाळाच आठवला. खारघरचे डोंगर, पांडवकडा, धुके वगैरे. पण एवढे सुंदर धुके इतरांनी लिहिलेले असताना मी आणखी कशाला लिहू? म्हणून मी लिहितो आहे ते एका पोच्यावर. पोचा म्हणजे आपल्या घरातल्या तांब्याला पडतो तोच. फक्त हा पोचा माझ्या हातून दादाच्या विजेच्या सायकलला पडला, आणि तोही तिच्या पोटाला.

दादा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. पाळी कधी पहाटे, तर कधी मध्यरात्री सुटते. २०२३ च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली खरी, पण ती दादाच्या पाळीचे वेळापत्रक पाहून धावत नाही. म्हणून त्याने वर्षभर पैसे साठवून ही सायकल घेतली. मोटर २५० वॉटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. त्यामुळे परवाना नको की नंबरपाटी नको. जाड टायर, पुढे झटका सोसणारी स्प्रिंग. दुकानदाराने तिला 'डोंगरी सायकल' म्हटले होते. दादाने ते हसण्यावारी नेले. मी मात्र ते मनावर घेतले!

दादा दोन दिवसांसाठी गावी, मंगळवेढ्याला गेला आणि मी सायकल काढली. विचारले नाही. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी अशा दोन आदिवासी वाड्या आहेत. तिकडे जाणारा चढ आम्ही साध्या सायकलीने निम्मा हातात धरूनच चढायचो. त्या दिवशी मात्र मी पायाला जरा इशारा दिला की सायकल आपण होऊन वर जात होती. वर पोचलो तेव्हा मला आपण कुणीतरी मोठे झालो आहोत असे वाटू लागले होते. असे वाटू लागले की माणूस डांबरी रस्ता सोडतो. मीही सोडला.

उतारावर मुरूम पसरलेला होता आणि त्यातून काळ्या दगडाचे कंगोरे वर आलेले होते. हा आपला सह्याद्रीचा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, असे भूगोलाच्या तासाला शिकलो होतो. त्याचा वरचा भाग कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो आणि मुरूम होतो. आतला गाभा मात्र तसाच टणक राहतो. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण पडले होते. प्रत्यक्षात पुढचे चाक एका कंगोऱ्यावरून खाली उतरले, मागचे वरच राहिले आणि मधले पोट दगडावर आपटले. ठण्ण असा आवाज झाला. मी पडलो नाही, हेच वाईट झाले. पडलो असतो तर घरी सांगावेच लागले असते.

या सायकलींची रचना थोडी सांगायला हवी. परदेशातल्या खऱ्या डोंगरी विजेच्या सायकलींत मोटर बहुधा पायंडलांच्या मधोमध असते, म्हणजे सांगाड्याच्या सर्वांत खालच्या जागी. दगडाचा पहिला मार तिलाच. तिच्याखाली म्हणून जाड पत्र्याची किंवा चिवट प्लास्टिकची ढाल लावतात. दादाच्या सायकलीची मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात आहे. ती त्या मानाने सुरक्षित. तिचे नाजूक ठिकाण म्हणजे धुऱ्याच्या टोकातून बाहेर येणारी वायर. सायकल त्या अंगावर दगडात पडली की वायर गेलीच म्हणून समजा. बॅटरीची पेटी मात्र खालच्या तिरक्या दांड्यात बसवलेली आणि तिचा तळ उघडा. पुढच्या चाकाने उडवलेला प्रत्येक खडा तिथेच लागतो. माझा पोचाही तिथेच पडला होता. हाताच्या अंगठ्याएवढा.

कळ दाबली तर दिवा लागला. मोटरही चालली. मी सुटकेचा श्वास सोडला, घरी आलो, पोच्यावर चिखल तसाच राहू दिला आणि रात्री पेटी नेहमीसारखी दाराजवळच्या बटणाला चार्जिंगला लावली. आमचे घर एका खोलीचे आणि स्वयंपाकघराचे. आई दारापाशी झोपते, कारण तिथे वारा येतो.

झोप येईना म्हणून मी मोबाइलवर बॅटरीविषयी वाचत बसलो. एवढीच अक्कल आधी सुचती तर! या बॅटरीमागच्या संशोधनासाठी २०१९ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले. त्यांतले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. पेटीत बोटाएवढ्या नळकांड्यांच्या रांगा असतात. प्रत्येकीत धन आणि ऋण असे दोन पदर गुंडाळलेले, आणि त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा एक पडदा. बाहेरून मार बसला आणि तो पडदा दबला किंवा फाटला, की दोन पदर आतल्या आत भिडतात. मग उष्णता वाढते, तिने शेजारचे नळकांडे तापते, आणि एकदा का हे सुरू झाले की विझवणे कठीण. हे ताबडतोब होईलच असे नाही. काही तासांनी, काही दिवसांनीही होऊ शकते. आणि चार्जिंग करताना धोका अधिक.

मी उठून पेटीला हात लावला. सगळी पेटी कोमट होती. पोच्याची बाजू मात्र चांगलीच गरम लागली.

घड्याळात दीड वाजला होता. मी वायर काढली. घरातल्या लोखंडी घमेल्यात पेटी ठेवली आणि ते अंगापासून लांब धरून जिना उतरलो. अण्णा शेजारच्या सोसायटीत रात्रीचे वॉचमन आहेत. त्याआधी त्यांची सगळी उमेद पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणीत गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, घमेल्याकडे पाहिले. मी सगळे सांगितले. एक शब्द न बोलता त्यांनी घमेले मोकळ्या जागेत, गाड्यांपासून आणि झाडापासून दूर नेले, बांधकामाची कोरडी वाळू त्यावर ओतली आणि खुर्ची बऱ्याच अंतरावर मांडून बसले. मीही बसलो. उजाडेपर्यंत काही झाले नाही. झाले असते तर मी हा लेख लिहिला नसता.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आरं, दगडाला डोळं नसत्यात. तुला हायती न्हवं?"

दादा दुसऱ्या दिवशी आला. दुरुस्तीवाल्याने पेटी उघडून दोन नळकांडी दबलेली दाखवली आणि ती पुन्हा वापरू नका म्हणून बजावले. अशी पेटी कचऱ्यात टाकायचीही नसते. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती वेगळी जमा करावी लागते. नव्या पेटीची किंमत ऐकून दादा गप्प झाला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. तो एवढेच म्हणाला, "पैशाचं जाऊ दे. आई दाराशी झोपते हे तुला ठाऊक होतं ना?"

या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

पुढच्या रविवारी अण्णांनी ढाल करायला घेतली. मी जाड लोखंडी पत्रा आणणार होतो. त्यांनी नको म्हटले. खडी करणाऱ्या यंत्रात दगड वाहून नेणारा जो पट्टा असतो, त्याच्या रबराचा तुकडा त्यांनी जुन्या सोबत्याकडून आणला. "दिसभर दगडाचा मार खाऊन बी फाटत न्हाई. लोखंड वाजतं, रबर सोसतं." आत अॅल्युमिनियमचा पत्रा, बाहेर हे रबर. पत्रा पेटीला टेकवला नाही, मध्ये बोटभर जागा ठेवली. कारण टेकलेली ढाल मार पुढे पोचवते. मोकळी जागा असली तर ढाल वाकते आणि पेटी वाचते. दांड्याला भोक न पाडता सगळे पट्ट्यांनी आवळले. चिखल-पाणी साचू नये म्हणून खालचे टोक उघडे ठेवले. पुढच्या चाकाला लांब मडगार्ड बसवले. धुऱ्याजवळच्या वायरीला जुन्या ट्यूबचे वेष्टण केले.

हे सगळे झाल्यावर अण्णा मला डोंगरावर घेऊन गेले, पायी. कुठला दगड जमिनीत रुतलेला आहे, कुठला नुसता टेकलेला आहे, मुरुमाखाली कंगोरा कुठे असेल, हे ते काठीने दाखवत होते. दगड उंच दिसला तर वळसा घे, नाहीतर खाली उतर. उतरण्यात कमीपणा नाही. भूगोलाच्या पुस्तकात जे दोन ओळींत होते ते त्यांनी तीस वर्षे हातांनी वाचले होते. मी त्यांना त्याआधी कधी काही विचारलेच नव्हते.

कॉलेजच्या 'कमवा आणि शिका' योजनेत मी आता ग्रंथालयात काम करतो आणि दर महिन्याला थोडे पैसे दादाला देतो. तो ते घेतो. नको म्हणत नाही, याचे मला बरे वाटते. सायकल कधीकधी तो स्वतःच मला देतो. परत आलो की मी तिला उलटी करतो, पोट पुसतो आणि हात फिरवून बघतो. नवा ओरखडा सापडला तर दादाला त्याच संध्याकाळी सांगतो. आणि बॅटरी आता दाराजवळ नव्हे, खाली अण्णांच्या खुर्चीशेजारी, त्यांच्या डोळ्यांसमोर चार्ज होते.